आंघोळ लागते

"आंघोळ झाली का तुयी?" असं त्या म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा प्रणाली टबात बसलेली होती आणि टब ठणठणीत कोरडा होता. अकोल्याच्या एमआयडीसीतलं गोदाम, वर तापलेले पत्रे, एप्रिलची दुपार. टबाला अर्धं प्लास्टिक अजून गुंडाळलेलं, तळाशी थर्माकोलचे दाणे, आणि त्यात ही अमरावतीच्या ज्युनिअर कॉलेजातली केमिस्ट्रीची मॅडम चपला बाहेर काढून, पाय पसरून, पाठ टेकून बसलेली. का, तर पाण्याची धार सोडणारं भोक नेमकं कमरेवर येतं की नाही ते बघायला. अशा अवस्थेत कुणी आंघोळीची चौकशी केली तर माणूस दुसरं काय समजणार? ती हसली. साधंसुधं नाही, मान मागे टाकून खळखळून हसली, आणि आताशा जी फक्त थट्टेलाच तिच्या तोंडी येई त्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "कुठची वो काका! आधी भाव तं जमू द्या!" म्हातारा हसला नाही. डोक्याचा दुपट्टा काढून त्यानं हातात घेतला, आणि तेव्हा कुठे तिनं त्याला ओळखलं. सूर्यभानकाका. भातकुलीकडच्या तिच्या गावचे, ज्यांच्या आणि तिच्या बापाच्या शेताला एकच बांध होता ते. लेकीकडे अकोल्याला आलेले, आणि जावयाचा टेम्पो या गोदामावर लागतो म्हणून सावलीला येऊन बसलेले; पण हे सगळं तिला नंतर कळलं. "तशी नाई पोरी," ते म्हणाले. "नत्थुजीची आंघोळ म्हणतो मी. तुले निरोप नाई का भेटला?" "कोणते नत्थुजी?" तिनं विचारलं. विचारता विचारताच तिला कळत होतं की हे वेड्यासारखं आहे, सूर्यभानकाकांना दुसरा कुणी नत्थुजी ठाऊक असायचं कारण नव्हतं. "तुया बाप, बाई," काका म्हणाले. "बुधवारी गेला. तेरवी व्हायची हाय अजून."

असं काही ऐकलं की माणूस किंचाळतं, खाली बसतं, निदान छातीला हात तरी लावतं, असा तिचा समज होता. ती आधीच खाली बसलेली होती. आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते जाईना. गाल आखडले होते, दात उघडे होते, आणि हे आपल्या तोंडावर आहे याची तिला इतकी लाज वाटली की तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या हातांवरून तिला टबाच्या काठावरचं चित्र दिसत होतं, पाण्याखाली गेलेलं एक डोकं आणि त्यावर लाल फुली, म्हणजे असं करू नये. हे चित्र आधी पाहिलेल्या डीलरकडच्या टबावर नव्हतं, नवऱ्याला, ललितला सांगायला हवं, असा विचार तिच्या मनात आला. बाप मेला म्हणून सांगितल्यावर तिच्या डोक्यात आलेला पहिला विचार हा. तिला स्वतःचीच भीती वाटली. पलीकडच्या केबिनमधून ललितचा आणि दुकानदाराचा आवाज स्पष्ट येत होता, आणि काही घडलंच नसल्यासारखे ते दोघे मोटरबद्दल बोलत होते.

टबाचं खूळ ललितचं. तिच्या कमरेची गादी सरकली, डॉक्टर सहज म्हणाले की कोमट पाण्यात बसलात तर बरं वाटेल, आणि जलसंपदा खात्यात आयुष्य काढलेला हा तिचा नवरा त्या एका वाक्याच्या पाठीच लागला. पुण्याहून लेक दीक्षा फोनवर म्हणाली, आई घेच, कधी तरी स्वतःचे लाड कर. शेजारणीनं सांगितलं, उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीत जाऊन बसा मॅडम, फुकटात उकडून निघाल. पण ललित ऐकणारा नव्हता. आधी बडनेरा रोडवरच्या डीलरकडे गेले. तिथे काचेच्या शोरूममध्ये भरलेला टब होता, वाफा निघत होत्या, पाण्यात निळा दिवा, टाय लावलेल्या मुलानं कॉफी दिली आणि म्हणाला, सर, आम्ही टब विकत नाही, नातं जोडतो. दर वर्षी आमचा माणूस आपणहून फोन करणार, सगळं ठीक आहे ना म्हणून विचारणार. ललितला ते वाक्य फार आवडलं आणि किंमत मुळीच आवडली नाही. मग कुणी तरी अकोल्याचं नाव काढलं. तिथे किशोर म्हणून आहे, बंद पडलेल्या हॉटेलांचा माल घेतो, मिट्टीच्या मोलानं विकतो. तेव्हापासून घरात रोज रात्रीच्या जेवणाला हाच विषय, डीलर की गोदाम, आणि प्रणालीला त्यात गंमतही वाटायची. बुधवारीही तेच बोलणं झालं असणार. बुधवारी भाजी कोणती केली होती हे आठवायचा तिनं प्रयत्न केला, पण काही केल्या आठवेना.

"बिघडला तर कोण येईल?" केबिनमध्ये ललित विचारत होता. "खोटं नाई बोलत साहेब," किशोरचा आवाज. "माल तोच हाय जो शोरूमात हाय. पण एकदा गेटाबाहेर गेला का तुमचा-आमचा संबंध खतम. मंग तुमी फोन करू नका, मी उचलणार नाई." आणि दोघेही हसले. प्रणाली ऐकत होती. किती सरळ माणूस, तिला वाटलं. तिच्या बाबानंही असंच केलं होतं, गेटाबाहेर गेली, संबंध खतम, फोन उचलणार नाही. आणि तिनं त्यांना कधी सरळ म्हटलं नव्हतं.

तिच्या गावात नातं मोजायची रीत साधी होती. कुणी गेलं की निरोप्या दाराबाहेरच उभा राहून नाव सांगायचा, आणि नत्थुजी आधी एकच विचारायचे, "लागते का आपल्याले?" लागते म्हणजे आंघोळ लागते. तो मेलेला माणूस भावकीत किती जवळ, किती लांब, कुणाच्या सासूचा कोण, हे सगळं उंबऱ्यात उभ्या उभ्या ठरायचं, आणि लागते असं ठरलं की घरातलं लहानमोठं सगळं उठून अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्याखाली जायचं. लहान प्रणालीला याचा भारी अभिमान. एकदा हिवाळ्यात, शाळेत निघायच्या वेळेला, कुठल्याशा तिवश्याकडच्या म्हातारीचा निरोप आला. त्या बाईचं तोंड तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. पण बाबांनी तिला मोटरीच्या पाइपाखाली धरलं, गणवेशाचा निळा स्कर्ट मांड्यांना चिकटला, दात वाजायला लागले, आणि उशिरा शाळेत जाऊन तिनं बाईंना ऐटीत सांगितलं, आमाले आंघोळ होती. वर्गातल्या ज्या मुलींना नव्हती त्यांची तिला कीव आली होती. त्या मुली त्या म्हातारीच्या कुणीच नव्हत्या आणि आपण होतो. आपण कुणाचे आहोत हे तिला असं गार पाण्यातून कळलेलं होतं, मग पुढं ती केमिस्ट्री शिकली, पाण्याचं सूत्र फळ्यावर लिहायला लागली, तरी ते अंगातून गेलं नव्हतं.

आणि मग तिच्या नावाची आंघोळ. तसं लोक हे सहज म्हणतात. स्टाफरूममध्ये तिच्या सोबतिणी हरवलेल्या छत्रीच्या नावानं आंघोळ करतात, अडकलेल्या बिलाच्या नावानं करतात, आणि चहा पितात. प्रणालीनं तिवश्याच्या बौद्ध घरातल्या ललितशी रजिस्टर लग्न केलं तेव्हा तिच्या कुणबी बापानं मात्र ती खरोखर केली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात जाऊन मोटर चालू केली आणि कपड्यांनिशी पाइपाखाली उभा राहिला. धाकट्या शिवमनं, तेव्हा तो शाळेत होता, बूथवरून चोरून फोन केला आणि घाबऱ्या घाबऱ्या सांगितलं. प्रणालीनं ते ललितला हसत सांगितलं होतं, "मी मेले म्हणे." नव्या घरात सगळेच हसले होते, सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत, केशरबाईंनी नुसतं तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. त्यानंतर ती हे हसतच सांगत आली. जिवंत माणसाच्या नावानं आंघोळ करणाऱ्या माणसाचं मरण ही आपल्याला बातमी असणार नाही, तो तर कधीच गेला, असं तिनं स्वतःशी पक्कं ठरवलेलं होतं. आणि आता कोरड्या टबात ठरवलेलं काहीही उपयोगी पडत नव्हतं.

"त्या दिवशी तुमी शेतात व्हते का, काका?" तिनं विचारलं. कोणत्या दिवशी हे काकांनी विचारलं नाही. ते टबाजवळ उकिडवे बसले. "व्हतो. पौषातली थंडी व्हती. म्या म्हटलं, नत्थू, सदरा तं काढ. नाई काढला. तसाच उभा. मंग ताप भरला, छाती भरली, लय दिवस खाटेवर पडून व्हता. वाचते का नाई असं झालतं. तुयी माय म्हणे, मेलेल्यासाठी कोणी इतकं बिमार पडते का?" हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. ती हसत हसत गोष्ट सांगत होती त्या दिवसांत तो माणूस तापानं फणफणत होता, आणि गोष्टीत ताप नव्हता. तिनं टबाचा काठ घट्ट धरला. "शेवटी काई म्हणाले? माह्याबद्दल?" काकांनी दुपट्ट्याची घडी घातली, मोडली. "खोटं कायले सांगू पोरी. नाव नाई काढलं." तिला वाटलं होतं की निदान आता तरी हा म्हातारा खोटं बोलेल. तो बोलला नाही, आणि तिला त्याचा राग आला, आणि लगेच राग गेला.

फोन तिनं टबात बसूनच लावला. शिवमचा नंबर वरतीच होता, कारण तो रोज सकाळी फुलाचं चित्र पाठवायचा, शुभ सकाळ. तिनं पाहिलं, गुरुवारपासून फूल आलेलं नव्हतं. रोज न बघता पुसून टाकायची ती फुलं, म्हणून ती बंद झाल्याचंही तिच्या लक्षात आलं नव्हतं. "ताई?" शिवमचा आवाज बसलेला होता. "शिवम, बाबा गेले?" पलीकडे माणसांचा गलबला, भांड्यांचा आवाज, मग तो कुठे तरी बाजूला गेला असावा. "हो." "मले काहून नाई सांगितलं?" "सांगणार व्हतो ताई. माय तं म्हणून राहिली व्हती, तिले सांग, तिले सांग. म्या म्हटलं सांगून काय, तुमच्यात आंघोळ नसते ना." त्याला वाटलं तिला ऐकू गेलं नाही, म्हणून तो पुन्हा, अगदी समजावून, म्हणाला, "तूच म्हणाली व्हती ना. तुया सासूच्या वेळेस."

म्हणाली होती. केशरबाई गेल्या तेव्हा शिवमनं फोन केला होता, चाचरत विचारलं होतं, ताई, मले लागते का वं? आणि तिनं ताडकन उत्तर दिलं होतं, "आमच्यात असलं काही नसतं." तिला ते म्हणताना बरं वाटलं होतं, खरंच बरं वाटलं होतं. केशरबाईंच्या वेळी घरात सुतक नाही, विटाळ नाही, कुणी कुणाला शिवायचं थांबलं नाही. पांढरी वस्त्रं, वंदना, मेणबत्त्या, आणि बाया एकमेकींच्या गळ्यात पडून मनसोक्त रडल्या होत्या. मरणानं माणूस बाटतो हे त्या घरात कुणी मानत नव्हतं, आणि ती त्या घरची झाली होती. आज विचारलं असतं तरी तिनं तेच सांगितलं असतं. पण पोरगं आपल्या बहिणीच्या सासूसाठी पाइपाखाली उभं राहायला तयार झालं होतं, मले लागते का म्हणजे त्या माझ्या कुणी लागतात का, एवढंच विचारत होतं, आणि तिनं त्याला शास्त्र शिकवलं होतं. त्यानं ते ध्यानात ठेवलं. आणि जेव्हा वेळ आली तेव्हा तिच्याच शब्दानं, काही वाईट मनात न ठेवता, तिला बापाच्या मरणातून वगळलं. आमच्यात. तुमच्यात. आपल्या दोघांत मग कोण उरलं रे, असं तिला विचारायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "मायजवळ कोण आहे?" "बाया हायत," शिवम म्हणाला. "तू येशीन का?" तिनं फोन ठेवला.

टबातून उठताना कमरेतून कळ गेली आणि तिला त्या कळीचं बरं वाटलं. काकांनी हात दिला. गोदामाच्या मागच्या दाराबाहेर ऊन नुसतं भाजत होतं. टेम्पो उभा होता, भिंतीला टँकरच्या पाण्याचा निळा ड्रम, त्यावर पत्र्याचं झाकण. ती अनवाणीच आली होती, तळवे पोळत होते, आणि तिनं ते पोळू दिले. "काका," ती म्हणाली, "मले लागते का?" सूर्यभानकाकांनी मान खाली घातली. असा पेच त्यांच्यापुढं आयुष्यात आला नसावा. जिच्या नावानं आंघोळ झालेली, जी दुसऱ्या धर्माच्या घरात गेलेली, तिला लागते की नाही, हे सांगायला गावातले जुने लोकही आता उरले नव्हते. "रीतीनं पायलं तं नाई लागत," ते शेवटी म्हणाले. "त्यानं तोडलं तवाच ते सरलं." मग त्यांनी वर पाहिलं. "पण मी कोण सांगणारा? बाप तुया. तूच सांग, लागते का नाई." मरणाचा विटाळ तिला तेव्हाही पटत नव्हता. पाणी अंगावर घेतल्यानं काही धुतलं जात नाही हे ती मुलांना शिकवू शकली असती. पण बाबानं पाइपाखाली उभं राहून तिला आपल्यातून काढलं होतं, आणि परत आत जायला तिला दुसरं दार ठाऊक नव्हतं. "लागते," ती म्हणाली. "मले लागते."

ती ड्रमजवळ भिंतीला टेकून उभी राहिली. काकांनी झाकण काढलं, बादली बुडवली, आणि तिच्या डोक्यावर ओतली. गार पाण्यासाठी तिनं अंग चोरून घेतलं होतं, दात आवळले होते. पाणी गरम निघालं. दिवसभर उन्हात तापलेलं ते पाणी डोक्यावरून, बंद डोळ्यांवरून, कुर्त्याच्या आतून पाठीवर, दुखऱ्या कमरेवर गेलं, आणि त्या ऊबेनं तिला धक्काच बसला. असं सुख या वेळी व्हायला नको होतं. दुसरी बादली. तिच्या तोंडून नुसता श्वास जोरात येत होता. ओढणी पायाशी चिखलात पडली होती. तेवढ्यात मागच्या दारातून ललित आणि किशोर बाहेर आले, ललितच्या हातात मोटरीचं पितळी कसलंसं बटण, तो म्हणत होता, "प्रणाली, ठरलं बरं का, घेऊन टाकू इथूनच," आणि तो थांबला. भरदुपारी, कपड्यांनिशी, परक्या माणसासमोर भिजलेल्या बायकोकडे त्यानं पाहिलं. तोही याच मुलखातला. त्याला समजावून सांगावं लागलं नाही. "कोण?" त्यानं विचारलं. "माझे बाबा," ती म्हणाली. हे आपल्यात नाही, असं तो आता म्हणेल या भीतीनं ती त्याच्याकडे बघत राहिली. तसं तो म्हणाला असता तर ते बरोबरच होतं, त्याच्या घरानं ते फार मोलानं मिळवलेलं होतं.

"अवो मॅडम, टँकरचं पाणी हाय ते!" किशोर ओरडला, मग गोंधळून ललितकडे वळला. "काय झालं साहेब? टब पसंत नाई का? पोरायले सांगून चढवू का टेम्पोत?"

"थांबा," ललित म्हणाला. "माझे सासरे वारले."

इतक्या वर्षांत हा शब्द त्यानं कधी तोंडातून काढला नव्हता. हिचे वडील म्हणायचा, नाही तर भातकुलीवाले. प्रणालीच्या कानांत पाणी गेलेलं होतं, तरी तिला तो नीट ऐकू आला. आणि मग मात्र तिला रडू फुटलं, असं की सूर्यभानकाकांना भरलेली बादली खाली ठेवून तिला धरावं लागलं.